घरभेदी लिव्हर

३ मार्च
लिव्हर! माझं! दारूचा थेंब कधी शिवला नाही, आणि लिव्हरला सूज. दुकानात गिऱ्हाइकाचे केस कापता कापता डोळे मिटायला लागले, म्हणून रक्त तपासलं. हिपॅटायटिस सी 'पॉझिटिव्ह'. चांगल्या शब्दाची काय वाट लावलीय!

४ मार्च
ह्यांनी माझा टॉवेल वेगळा केला, कप वेगळा केला. दुपारी मलाच दुकानातून वेगळं केलं! "गिऱ्हाइकांना कळलं तर माझी पुरुषांची बाजूही बसेल." बायकांची बाजू इतकी वर्षं मी सांभाळली, आणि आता माझ्या खुर्चीवर टॉवेलांचा ढीग. वर विचारतात कसे, "तुलाच कुठून लागलं हे?" जसं काही मी बाजारातून निवडून आणलं! नुसता संताप.

७ मार्च
मोठ्या डॉक्टरबाईंकडे. कपाळावरच्या बटा कुणीतरी वाकड्या कापल्यात त्यांच्या — माझं अर्धं लक्ष तिकडेच. म्हणाल्या, रक्तात विषाणूची नुसती खूण दिसलीय, खुद्द विषाणू आहे की नाही ते बघायचंय. कधी कधी शरीराची राखण करणारी फौजच लिव्हरवर उलटते. तेव्हा रक्त असं खवळतं की पहिली तपासणी फसू शकते.

मग द्या की औषध! तर म्हणे, "फौजेला आवरणारं स्टिरॉइड दिलं आणि विषाणू निघाला, तर तो माजेल. नाही दिलं आणि फौज निघाली, तर लिव्हर जाईल."

घरच्यांनीही तपासून घ्या, म्हणाल्या. हे लगेच, "मला काय धाड भरलीय?" दिलं एकदाचं रक्त. सुई बघून पांढरेफटक!

११ मार्च
तपासायला सुईनं लिव्हरचा तुकडा काढला. दुखलं. फार भीती वाटतेय.

१६ मार्च
विषाणू नाही! कुठेच सापडला नाही. तुकड्यातही सगळे फौजेचेच पराक्रम. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाहेरचा चोर नाही हो. घरभेदी आहे."

ह्यांनी घरी येऊन सासूबाईंना एवढंच सांगितलं — "डॉक्टर म्हणाल्या, घरभेदी आहे" — आणि गेले दुकानात. झालं! सासूबाईंनी दार लावून घेतलं. माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "मला संशय होताच. तुझी जाऊ! मागे सूप पाठवलं होतं ना तिनं?" मी तोंड उघडेपर्यंत फोन लावलासुद्धा! "खरं सांग, काय घातलं होतंस त्यात?" पलीकडून जाऊबाई बिचाऱ्या, "मिरपूड, आई. जास्त झाली का?"

हसून हसून माझी सुई टोचलेली जागा दुखायला लागली. मग फौज, लिव्हर, सगळं समजावलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे तुझं तूच केलंस हे. सगळं मनाला लावून घेतेस, दुसरं काय!"

जाऊबाई अजून फोन उचलत नाहीत.

२ एप्रिल
स्टिरॉइड चालू. भूक अशी की टेबलाचा पायसुद्धा खाईन. तोंड टरारून फुगलंय. पण लिव्हरचे आकडे उतरले! खुर्चीवरचा ढीग मी स्वतः उचलला आणि ह्यांच्या बाजूला नेऊन आदळला. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "तब्येत मस्त सुधारलीय हं!"

४ एप्रिल
ह्यांचा रिपोर्ट आला. दोनदा तपासलं म्हणून उशीर. खूणही आहे, आणि विषाणूही. खरा.

दुकान बंद केलं तरी हे आरशासमोर बसूनच. म्हणाले, "तुझी तपासणी फसली होती. माझीही फसली असेल ना गं?"

इतक्या दिवसांचं सगळं बोलणार होते मी. जिभेवर आलंच होतं. म्हटलं, "नाही हो. पण तुमचा आजार गोळ्यांनी बरा होतो. माझ्या फौजेला जन्मभर आवरायचंय."

तेव्हा कुठे रडले. मीही.