आतून न उघडणारं खुराडं

आदरणीय साडूभाऊंना,

सविनय नमस्कार. आपण सर्व मंडळी खुशाल असाल, आपला गुडघा जिना चढताना आता कुरकुरत नसेल आणि ताईंचा खोकला गेला असेल, अशी आशा करतो. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरी स्थिती अशी, की माझ्या डाव्या पोटरीला पट्टी बांधलेली आहे, उजव्या कानामागे चोच लागल्याची खूण आहे, आणि छातीत जे सारखं धडधडतंय त्याला डॉक्टर काही झालेलं नाही म्हणतात. (डॉक्टरांच्या घरी कोंबड्या नाहीत. मी विचारून घेतलं.)

आपलं काय ठरलं होतं ते आपल्याला आठवत असेलच. सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि दोघी बहिणींनी मिळून ठरवलं की चालू लागेपर्यंत आई धाकटीकडे, कारण आमचं घर तळमजल्यावर. चालू लागली की थोरलीकडे, कारण तिकडे खोल्या जास्त. आपण दोघे साडू तिथे हजर होतो, पण आपल्याला कुणी काही विचारलं असं मला तरी स्मरत नाही. सासूबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "आणि माझ्या कोंबड्या?" तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आपणही पाहिलंत. मी मान हलवली, ती होकाराची होती असा अर्थ घेतला गेला. वास्तविक ती थरथरत होती.

साडूभाऊ, मी कोंबडीला भितो. लग्न जमवताना शिक्षण, दुकान, चष्म्याचा नंबर सगळं विचारलं गेलं. हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वाघाला भिणाऱ्याला लोक शहाणा म्हणतात, पण वाघ निदान पायात घोटाळत नाही, आणि एका डोळ्याने आपल्याकडे बघत दुसऱ्या डोळ्याने आपल्या वाईटावर टपून राहत नाही. माझा धंदा कुलपं-किल्ल्यांचा. लोकांची घरं, तिजोऱ्या, गोदामं मी सुरक्षित करून देतो. आणि संध्याकाळी स्वतःच्या परसात जायचं तर छत्री उघडून पुढे धरतो. (पाऊस नसताना. शेजारच्या शिंप्याने एकदा विचारलं, तेव्हा उन्हाचं कारण सांगितलं. ऊन मावळलेलं होतं.)

तर चार कोंबड्या आणि एक कोंबडा अशी मंडळी टोपलीतून आली. परसात जळण ठेवायची जुनी खोली होती, वाकून उभं राहता येईल एवढी, तीच खुराडं म्हणून दिली. कोंबड्याला आम्ही फौजदार म्हणतो, कारण तो सकाळी आधी सगळ्यांची हजेरी घेतो आणि मग माझ्यावर धावून येतो. माझी पत्नी शाळेत शिकवते, तिच्यावर धावत नाही. उलट ती दिसली की बाजूला होतो. (मीही होतो, पण ते आमचं आम्हाला माहीत.) कोंबड्यांतली करडी आहे तिचं नाव मास्तरीण, आणि हे नाव मी पत्नीच्या देखत घेत नाही.

सासूबाई आतल्या खोलीत पलंगावर, आणि हुकूम थेट परसापर्यंत. डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, हाड जुळलंय, उठा, चाला. पण त्या उठायला तयार नव्हत्या. पुन्हा पडेन म्हणायच्या. एकदा मी आणि पत्नीने दोन्हीकडून धरून उभं केलं, तर त्यांनी माझं मनगट असं आवळलं की माझ्या बोटांना मुंग्या आल्या, आणि चेहरा पाहून मीच त्यांना पुन्हा बसवलं. त्यावर पत्नी मला रागावली. पण साडूभाऊ, भ्यालेल्या माणसाला भ्यालेला माणूस ओळखतो. तिला कसं समजावून सांगणार? ती कशालाच भीत नाही.

अशात एके सकाळी चारांतली एक कोंबडी नाहीशी झाली. मागे राहिली पिसं, आणि दाराखाली उकरलेली माती. मुंगूस, असं सासूबाईंनी पलंगावरूनच निदान केलं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, आणि मुंगूस आपल्या परसात येतं ही नवी भीती बसली ती वेगळीच. त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. खाली सिमेंट ओतलं, खिडकीला इतकी बारीक जाळी ठोकली की मुंगसाचं नाकदेखील जाऊ नये, आणि दाराला माझ्या हातचं खास कुलूप बसवलं. दार लोटलं की स्प्रिंगने आपोआप बंद, आणि उघडायचं तर फक्त बाहेरून, किल्लीने. कोंबड्यांना आतून उघडायची सोय कशाला, असा मी विचार केला. कारागीर म्हणून आजही म्हणेन की कुलूप उत्तम आहे.

मग मास्तरीण खुडूक बसली. अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीचा स्वभाव कसा होतो हे मी आपल्याला काय सांगू. अंग फुगवून ती दुप्पट झाली आणि जवळ गेलं की उकळत्या किटलीसारखा आवाज करू लागली. सासूबाईंना मात्र तरतरी आली. गेलेलीची जागा भरायची, असं त्यांनी मनात घेतलं. सगळ्या अंड्यांतून त्यांनी नीट गोल, ना फार मोठी ना लहान अशी अंडी निवडली, मला पेन्सिलीने खुणा करायला लावल्या (दुसऱ्या कोंबड्या खाली नवी घालून जातात, ती रोज काढावी लागतात), आणि ती मास्तरणीखाली सरकवायचं काम माझ्याकडे दिलं. मी ते स्कूटरचं हेल्मेट आणि दुकानातल्या भट्टीजवळचे हातमोजे घालून केलं. काही दिवसांनी अंडी बॅटरीवर धरून बघायची होती. आत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक काळा ठिपका, आणि तो हलला. साडूभाऊ, मी अंडं सोडलं नाही, एवढं कृपा करून लक्षात घ्यावं. पण तेव्हापासून भीतीचा प्रकारच बदलला. आधी मला काय होईल ही होती. आता हातात जे आहे त्याला काही होईल का, ही. ही जास्त वाईट. हिला हेल्मेट चालत नाही.

आता गेल्या सुट्टीच्या दिवसाकडे येतो. पत्नीला शाळेत काम होतं, ती गेलेली. घरात मी आणि सासूबाई. आदल्या दिवशी अंड्यांतून बारीक चिवचिव ऐकू आल्याचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी बोलावून बजावलं, "आत पाण्याची वाटी खोल आहे. पिल्लू बाहेर आलं की पहिलं काम बुडून मरायचं करतं. ती काढा आणि बशी ठेवा." मी बशी घेतली, छत्री घेतली, किल्ली कुलपाला लावून दार उघडलं, वाकून आत शिरलो. फौजदार बाहेर आहे असा माझा समज होता. तो दाराच्या वर, आडव्या दांडीवर बसला होता. मी पुढे सरकताच तो खाली उतरला तो दारावर पाय देऊन. दार लोटलं गेलं. स्प्रिंगने आपलं काम चोख केलं. किल्ली बाहेर, कुलपातच लटकत राहिली.

पुढचं मी थोडक्यात लिहितो. छत्री एवढ्याशा जागेत उघडेना. एका कोपऱ्यात मास्तरीण किटलीसारखी उकळत होती, दुसऱ्या कोपऱ्यात उरलेल्या दोघी पंख आपटत होत्या, आणि मध्ये फौजदार मान खाली घालून, मानेची पिसं छत्रीच्या जागी स्वतःच उघडून. त्याच्या पायामागची नखी पोटरीला लागली तेव्हा मी सासूबाईंना हाक मारली. मारून झाल्यावर लक्षात आलं की ज्यांना उठता येत नाही त्यांना हाक मारून काय उपयोग. तरी पुन्हा मारली. नंतर तर मारतच राहिलो. आजवर त्यांना मी चारचौघांत 'अहो ऐकलंत का' असंच म्हणत आलो. त्या दिवशी तोंडातून 'आई' निघालं.

आणि मग घरातून धप्प असा आवाज आला. त्यानंतर काहीच नाही.

साडूभाऊ, मी हाका मारल्या म्हणून त्या उठल्या, आणि पडल्या. दुसरं काय समजणार मी? फौजदार पाठीवर चढला होता, कानामागे टोचत होता, मला कळतच नव्हतं. मी दाराला खांदा दिला. एकदा, दोनदा, कितीदा कोण जाणे. दार हललं नाही. मी केलेलं कुलूप, ते कसं हलणार. मी ओरडत होतो, "आई, उठू नका. तिथंच पडून राहा, मी आलो." कुठून येणार होतो, देव जाणे.

मग फरशीवर टक असा आवाज आला. थांबला. पुन्हा टक. त्यांचं ते चार पायांचं चालायचं यंत्र, जे आणल्या दिवसापासून टॉवेल वाळत घालायला वापरत होतो, ते परसात आलं, आणि मागून सासूबाई. चेहरा लाल, धाप लागलेली. त्यांनी किल्ली फिरवली. दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, पाठीवरच्या फौजदाराकडे पाहिलं.

"कुलूप चांगलं केलंत," त्या म्हणाल्या.

फौजदाराला त्यांनी एका हाताने उचलून बगलेत धरलं, तो लगेच गप्प झाला. मी खाली बसलो होतो, उठताच येईना. पडलात का, लागलं का, मी विचारत होतो, त्या मास्तरणीकडे बघत होत्या. मग पालथ्या बादलीवर टेकल्या, कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि काहीतरी काढून माझ्यापुढे केलं.

"धरा. चावत नाही."

पिवळं होतं, निम्मं ओलं. हातमोजे नव्हते. त्याचं काळीज माझ्या तळव्यावर इतकं भराभरा उडत होतं, की मला वाटलं, अरे, हा तर आपल्यातलाच दिसतो. बशी मात्र फुटली होती. सासूबाईंनी डब्याचं झाकण ठेवायला सांगितलं.

त्यानंतर सगळी पिल्लं नीट निघाली, एक अंडं वाया गेलं. सासूबाई आता घरभर चालतात. पत्नी म्हणते, बघा, मनात आणलं तर सगळं होतं. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा साडू

ता. क. : मुद्द्याचं लिहायचं राहिलं. आई चालू लागल्याचं पत्नीने ताईंना फोनवर कळवलं आहे, आणि ठरल्याप्रमाणे आपण त्यांना न्यायला याल. कृपा करून येऊ नका. घराला रंग चालू आहे किंवा असंच काही कळवा. पत्नीला मी हे सांगू शकत नाही, ती कारण विचारेल, आणि त्या गेल्यावर घर कसं वाटेल याची मला भीती वाटते, असं कारण तिला सांगता येणार नाही. सासूबाईंना तर मुळीच कळू देऊ नका. त्यांना आपल्या मोठ्या घराची ओढ असणार.

ता. क. दुसरा : कोंबड्यांचा मला लळा लागला असं समजू नये. छत्री अजून घेतो.

(पाकिटात आणखी एक चिठ्ठी, वेगळ्या अक्षरात.)

थोरल्या जावयांना आशीर्वाद. धाकट्यांनी पाकीट चिकटवायला दिलं, उघडं होतं म्हणून वाचलं. ते दुकानात आणि धाकटी शाळेत गेली की मी रोज परसात फिरत होते. पहिले दिवस फार भीती वाटली, मग सवय झाली. सांगितलं असतं तर तुमच्याकडे पाठवलं असतं, आणि तिसऱ्या मजल्यावर कोंबडी कुठे ठेवू? त्या दिवशी ते खुराड्यात शिरल्यावर पिल्लांची चाहूल घ्यायला मी उठले, आणि त्यांनी हाक मारली तेव्हा परसाच्या दारातच उभी होते. तशीच गेले असते तर बिंग फुटलं असतं, म्हणून ते यंत्र आणायला आत पळाले, आणि घाईत स्टूल पाडलं. तो धप्प आवाज त्याचा. त्यांना मी एवढं भिववलं, त्याचं वाईट वाटतं. पण तशी हाक मला फार वर्षांत कुणी मारली नव्हती. हे त्यांना सांगू नका, चिडतील.

रंगाचं काम आठ दिवसांत आटपतं. त्यापेक्षा जिना मोडला आहे असं कळवा. मोडला नसेल तर मोडा.