ताईविरुद्धच्या पत्रकाबाबत

मी, छापखान्याचा मालक, वय एकाहत्तर. मी शुद्धीवर असल्याचे डॉक्टरांनी आज तपासून सांगितले आहे. कोणाचाही दबाव नसताना हे लिहितो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर थोरल्या बहिणीस द्यावे. ती नको म्हणेल. तरी तिच्याच नावावर करावे. कारण असे.

ताई दवाखान्यात तीस वर्षे नर्स होती. निवृत्त झाल्यावर नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहिली. तिचा जाहीरनामा मीच छापला. सोळा पाने: कोणत्या गल्लीत किती इंची पाइप, प्रसूतिगृहात खाटा किती. त्याच आठवड्यात तिच्याविरुद्ध उभा असलेला कंत्राटदार आला. नगरपालिकेची सगळी छपाई देतो म्हणाला, आणि पत्रकाचा मजकूर पुढे केला. ताई दवाखान्यातली औषधे बाहेर विकायची, असा. धादांत खोटे, हे मला ठाऊक होते. मजकूर भिकार होता म्हणून सुधारून दिला. शेवटची ओळ माझीच: ‘जिने आजाऱ्याच्या तोंडचे औषध काढले, ती तुम्हाला पाणी देणार?’

सोळा पाने रद्दीत गेली. एक पान तोंडपाठ झाले. ताई पडली. निकालानंतर तिने ते पत्रक माझ्या टेबलावर ठेवले.

“हे तू लिहिलंस?”

“मी फक्त छापलं.”

“त्या माणसाला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते कळत नाही,” ती म्हणाली आणि गेली.

त्याला एकोणीस वर्षे झाली. तेव्हा काही वाटले नाही. आताही वाटत नाही. वाटायला हवे होते, एवढे कळते.

२. छपाईयंत्र व कटिंग मशीन माझ्याकडच्या बाइंडरला. त्याने त्या पत्रकाचे गठ्ठे बांधायला नकार दिला होता. मी त्याला कामचुकार म्हणालो होतो. तो शब्द मागे घेतो.

३. कंत्राटदाराने पुढे ताईच्याच योजनेप्रमाणे नळ आणले, फलकावर नाव स्वतःचे लावले. माझ्या शोकसभेत त्याला बोलू देऊ नये. तो फार छान बोलतो.

४. माझ्या पश्चात एक पान छापून घरोघर टाकावे: ‘ताईवरचा आरोप खोटा होता. तो मी लिहिला.’ पुढेमागे काही जोडू नये.

हे कलम बाइंडरला वाचून दाखवले. पहिली प्रत ताईकडे टाक म्हणालो.

“तुम्हीच द्या की,” तो म्हणाला. “दोन गल्ल्या सोडून तर राहतात.”

मी त्याला साक्षीदार बोलवायला पाठवले.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. शेजारचे शिंपी (सही)
स्थळ: छापखान्याची मागची खोली
दिनांक: ११ मार्च
लिहून देणार (सही)