गाडीचा पाइप आणि माझं चष्म्याचं घर

चिरंजीव भाऊस,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? आयुष्यभर गॅरेजात लोकांच्या गाड्यांखाली झोपलास, आता गादीवर झोप येत नाही म्हणतोस, त्याला कोण काय करणार? भावजयीला सांग, तेल कोमट करून चोळ आणि चोळताना बोलू नकोस. (ती बोलायला लागली की तिचा हात थांबतो, हे मी तिच्या लग्नापासून बघते आहे.) मी बरी आहे. बरी म्हणजे काय, इतकी खूष आहे की अक्षर ओळ सोडून पळतंय. तसं ते एरवीही पळतंच, शाळेत मी अक्षरं जोडण्यापुरतीच टिकले. पण आजचं पळणं आनंदाचं आहे असं समजून वाच.

तर बातमी अशी की ह्यांच्या गाडीच्या एसीचा पाइप बदलला. हसू नकोस. तुझ्यासाठी ते रोजचं काम, आमच्याकडे ते लग्नकार्याएवढं झालं. तुला ठाऊकच आहे, हे गेल्यावर वाटण्या झाल्या, त्यात थोरल्याला गाडी आली आणि धाकट्याला ह्यांची हत्यारांची पेटी. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याला जास्त मिळालं. तेव्हापासून थोरला वर, धाकटा खाली आणि बोलणं बंद. सुना जिन्यात उभ्यानं गप्पा मारतात, नातवंडं कुणाच्याही ताटात जेवतात, अबोला काय तो या दोन शहाण्यांचा. काही सांगायचं झालं तर मधे मी. "आई, त्याला सांग, पाण्याची मोटर बंद कर." तो समोर उभा असतो बरं का! तरी मी सांगते. मग तो म्हणतो, "आई, त्याला सांग, केली." तेही मी सांगते. ह्या वयात मला घरातच नोकरी लागली, तीही बिनपगारी.

तर झालं असं, की गाडीतला गार वारा बंद पडला. गॅरेजवाल्यानं (हा तुझ्यासारखा नाही, याचा फोन कायम मानेत अडकवलेला, त्यामुळे हा आपल्याशी बोलतोय की फोनशी, हे कळेपर्यंत निघून जातो) बघून सांगितलं, पाइप सडलाय, गॅस सगळा उडून गेलाय. नवा पाइप त्यानं मागवून दिला, पण बसवायला सवड नाही, थांबा म्हणाला. थोरला पडला बँकेतला साहेब. त्याला लोकांना थांबवायची सवय, स्वतः थांबायची नाही. मोबाइलवर कुणाला तरी पाइप बदलताना बघून म्हणाला, यात आहे काय, दोन नट तर आहेत! नट दोनच होते, हे खरं. पण पाना खालच्या मजल्यावर होता.

मी निरोप घेऊन खाली गेले. उत्तर आलं, बाबांचा पाना मी कुणाच्या हातात देत नाही, फिरवायचा तर मीच फिरवीन. झालं! सुट्टीच्या दिवशी सकाळीच बॉनेट उघडलं. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला आमचे मास्तर (शाळेत गणित शिकवतो, पानाही खडूसारखा धरतो), आणि मधे खुर्ची टाकून मी. "आई, त्याला सांग, तिकडून ओढ." "आई, त्याला सांग, ओढतोच आहे, डोळे असतील तर बघ म्हणावं." मी फक्त "ओढतोय" एवढंच पोचवायची. (बाकीचं मी गाळते. सगळं पोचवलं असतं तर एव्हाना दोघांचे जिनेही वेगळे झाले असते.)

मधेच थोरल्यानं रबराच्या दोन बारीक काळ्या रिंगा माझ्या हातात दिल्या. पाइपाच्या दोन्ही टोकांना लागतात, जपून ठेव म्हणाला. मी जपल्या. चष्म्याच्या घरात घालून झाकण लावलं. मग नवा पाइप बसला, नट आवळले गेले. थोरल्याला वाटलं, धाकट्यानं माझ्याकडून रिंगा घेऊन घातल्या. धाकट्याला वाटलं, थोरल्यानं घातल्या. विचारणार कोण? विचारलं तर बोलल्यासारखं होईल ना! आणि माझं म्हणशील, तर मला जो तो "त्याला सांग" म्हणतो. "तू सांग" असं कुणी म्हटलं का?

गॅस भरायला दोघं गॅरेजात गेले. मलाही नेलं, नाहीतर बोलले कसे असते? गॅरेजवाल्यानं यंत्र जोडलं, तर काटा काही ठरेना. हवा जातेय म्हणाला. आम्हाला वाटलं, फोनला म्हणतोय. मग पाइप उघडून त्यानं विचारलं, रिंगा कुठायत? दोघांनी एकमेकांकडे बोट केलं. आणि भाऊ, काय सांगू! थोरला थेट त्याच्याकडे वळून ओरडला, "तू घातल्या नाहीस?" "मी? माझ्याकडे दिल्यास का तू?" "लहानपणापासून तुझं हेच! माझी सायकल उघडलीस ती कायमची!" "तुझी? ती आपल्या दोघांची होती!" "बाबांनी तुला पेटी दिली, अक्कल त्यात ठेवायची राहिली!" "तुझी डिकीत राहिली असेल, बघ!" असं कडकडून भांडले, की गॅरेजवाल्यानं फोन ठेवला. इतकं गोड भांडण मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं. चष्मा पुसायचा म्हणून घर उघडलं, तर रिंगा मांडीवर पडल्या.

दोघांनी रिंगांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे. थोरल्याला आधी हसू फुटलं. म्हणाला, "ढब्ब्या, पाना आण." (ढब्ब्या! हे नाव मीसुद्धा विसरले होते.) आणि धाकट्यानं ह्यांचा पाना त्याच्या हातात दिला. स्वतःहून दिला.

येताना काचा बंद, गार वारा सुरू, मी मागे पदर कानावर घेऊन कुडकुडत आणि पुढे ते दोघं चूक कुणाची यावर घरापर्यंत वाद घालत. मला कुणी काहीच सांगायला सांगितलं नाही. नोकरी गेली माझी!

तुझी,
ताई

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. एसी आता झकास चालतो, हीच काळजी आहे. नीट चालणाऱ्या गाडीपाशी दोघं कशाला उभे राहतील? या गाडीचं यापुढे काय बिघडेल, ते मला कळव. ब्रेकचं नको, नातवंडं बसतात. सावकाश बिघडणारं, पान्यानंच निघणारं आणि एकट्याला न जमणारं काहीतरी बघ. पोरांना फोन करू नकोस, पत्र माझ्याच नावानं घाल.

पुन्हा ता. क. तुझ्याकडे एखादं मोठं चष्म्याचं घर पडलं असेल तर पाठवून दे. माझ्याकडच्यात रिंगांपेक्षा मोठं काही मावत नाही.