चिमणीच्या पानावरची रिकामी ओळ

४ फेब्रुवारी, सोमवार

स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला कसा कळतो? आज ओंजळीत श्वास सोडून सात वेळा हुंगलं. मनगट चाटलं, वाळू दिलं, हुंगलं. काहीच नाही! पण चिमणी माझ्यापासून तोंड फिरवते आहे. आज तिसरा दिवस.

चिमणी सहा वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिर मुलांच्या माझ्या वर्गातल्या आठ जणांत सगळ्यांत लहान. तिला बोलायला शिकवायचं म्हणजे तिचा एक हात माझ्या गळ्यावर आणि दुसरा माझ्या ओठांसमोर. ‘म’ म्हटलं की गळा थरथरतो, ‘प’ म्हटलं की श्वास तिच्या तळहाताला लागतो. आमच्या वर्गात श्वास म्हणजेच खडू. आणि तो खडूच नासला असेल तर?

वीस तारखेला मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझा तास बघायला बसणार. सहा महिन्यांची उमेदवारी संपते. मला ठेवायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार.

५ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीला ओट्यापाशी गाठलं. “खरं सांग, माझ्या तोंडाला वास येतो का?”

“नणंदेला असं सांगणारी भावजय अजून जन्माला यायची आहे!” म्हणाली आणि हसत भांडी विसळायला लागली. हसली — पण ‘नाही’ म्हणाली नाही.

आईला विचारलं. “घरात पहिली पदवी तू आणलीस, आणि आता हे काय खूळ डोक्यात?” तीही ‘नाही’ म्हणाली नाही!

६ फेब्रुवारी, बुधवार

झोंबणाऱ्या औषधाच्या गुळण्या पाच वेळा. डबा न खाता परत आणला — पोटातच काही नसेल तर वास कसला येणार! संध्याकाळी जीभ लाकडासारखी कोरडी.

शिकवताना तोंडावर रुमाल धरला. शेजारच्या वर्गाच्या बाई दारातून बघत होत्या. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, “अगं, तू ओठ झाकलेस की त्यांच्यापुरती तू खोलीतून निघून गेलीस. सर्दी झालीय का?”

“हो,” म्हणाले. धडधडीत खोटं.

७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायला हात होत नाही.

या महिन्याचा शब्द ‘वास’. मीच निवडलेला. टेबलावर साबण, कांदा, फूल. मुलं हुंगतात, नाक मुरडतात, खिदळतात. मधल्या सुट्टीत चिमणीला एकटीला घेऊन बसले. रुमाल काढला, तिच्याकडे वाकले. तिनं माझ्या गळ्यावरचा हात काढून घेतला. स्वतःचं नाक धरलं. माझ्या ओठांकडे बोट केलं आणि म्हणाली —

“वास.”

स्पष्ट! ‘वा’ लांबलेला, ‘स’ थोडा फुसका, पण स्पष्ट! सहा महिने मी ज्याची वाट पाहिली तो तिचा पहिला शब्द. खोलीत तो ऐकू शकणारी मी एकटीच होते.

मुलानं आपणहून बोललेला शब्द त्याच दिवशी प्रगतीवहीत लिहायचा, कसा आणि कशावरून बोलला तेही — हा इथला नियम. वही मोठ्या बाई वाचतात. चिमणीचं पान उघडलं. पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. वही मिटली.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

चिमणीला मागच्या बाकावर बसवलं. का, ते तिनं विचारलं नाही. विचारणार कशी?

११ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. गुळण्या, उपास, सगळं सांगितलं. त्यांनी आरसा आत घातला, बाहेर काढला.

“घासतेस, पण समोरचेच! मागे अक्कलदाढेभोवती हिरडी सुजली आहे, अन्न अडकतंय. जिभेच्या मुळाशी पांढरा थर. आणि वरून उपास? लाळ आटली की वास वाढणारच, बाळ. ते झोंबणारं पाणी आधी बंद कर.”

दात साफ केले. रक्त आलं, मी डोळे मिटून घेतले. आता रोज दोन दातांमधून दोरा फिरवायचा, जीभ पार मागून पुढे खरवडायची, पाणी प्यायचं, वेळेवर जेवायचं. एवढंच! आणि मी मरणाची घाबरले होते.

“कुणी सांगतच नाही हो,” म्हणाले.

“एकानं तरी सांगितलंच असेल. नाहीतर तू इथे कशाला आली असतीस?”



१८ फेब्रुवारी, सोमवार

वहिनी म्हणाली, “आता सांगते — मध्यंतरी तुझ्याशी फोनवरच बोलावं असं वाटायचं!” मग दोघी पोट धरून हसलो.

चिमणी पुन्हा पहिल्या बाकावर. माझ्या गळ्यावर हात ठेवते. तोंड फिरवत नाही. वहीतली ओळ मात्र तशीच रिकामी आहे. ते पान मी उघडतच नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

मोठ्या बाई बसल्या. बाकीची मुलं छान बोलली. चिमणीनं मोठ्या बाईंना समोर पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मी ‘प’, ‘म’, सगळं करून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.

बाईंनी वही चाळली. “तुमचं काम नेटकं आहे. तुम्हाला कायम करायचं ठरलंय.” मग चिमणीच्या पानावर थांबल्या. “हिचा सहा महिन्यांत एकही शब्द नाही? हिचा बोलण्याचा तास बंद करू. उगाच पोरीला ताण. बरोबर ना?”

मी म्हणाले, “हो, बाई.”

मी हो म्हणाले!

२१ फेब्रुवारी, गुरुवार

शिपाईकाकांनी शाळेचं कुलूप काढलं तेव्हा मी दारातच उभी होते. चिमणीच्या पानावर लिहिलं — ‘७ फेब्रुवारी. आपणहून बोललेला पहिला शब्द : वास. उच्चार स्पष्ट, अर्थ अचूक. शिक्षिकेच्या तोंडाला वास येत होता. नोंद चौदा दिवस उशिरा, कारण शिक्षिकेची लाज.’ खाली सही केली. वही मोठ्या बाईंच्या टेबलावर उघडी ठेवून आले.