रीताचा सकाळचा चहा

५ जानेवारी, सोमवार

रद्द! कारण — चहा.

रीताला न्यायला स्ट्रेचर आलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "हिला काही दिलं का सकाळपासून?" आणि तिची सासू, गुणाबाई, अगदी सरळ चेहऱ्यानं — "काईच नाई जी. दोन घोट चहा. अन् बुडवून बिस्कुट."

स्ट्रेचर आलं तसं परत गेलं.

पोटात काही असलं आणि भुलीत ते वर आलं, तर श्वासनळीत जाईल, जीवावर बेतेल. रीताच्या डॉक्टर, निशा मॅडमनी, हे काल संध्याकाळी मला, गुणाबाईंना आणि रीताच्या नवऱ्याला, प्रणितला, समोर बसवून सांगितलं होतं. तिघांनीही माना हलवल्या होत्या!

"मावशी, उपाशी ठेवायचं होतं ना?"

"मंग ठेवलंच ना. उपासाले चहा चालते."

"आणि बिस्कीट?"

पदर सारखा करत बसल्या.

दिवाळीपासून माझ्या बहिणीच्या पोटात धड घास गेलेला नाही. आम्ही हातापाया पडलो तेव्हा तोंड मिटून बसली. आणि नेमकी उपाशी हवी तेव्हा बिस्कीट गिळते!

६ जानेवारी, मंगळवार

रीता छताकडे बघते. दिवसभर. कुशीवर वळवलं की भिंतीकडे बघते.

वॉर्डात येणारं प्रत्येक माणूस विचारतं — झालं काय हिला? काय सांगू? धान घरात आलं, लेक नागपूरला शिकते, प्रणितसारखा गरीब स्वभावाचा नवरा. काही झालं नाही. हेच कोणाला पटत नाही.

निशा मॅडम म्हणाल्या, नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला आठवडे जातील, तेवढी सवड तिच्या शरीराकडे नाही. लघवी कमी होत चालली आहे. सलाईनवर माणूस किती दिवस काढणार? म्हणून डोक्याला करंट. भूल देऊन, काही सेकंद. मला समजलं. प्रणितला समजलं. पण चिमूरहून त्याच्या काकांचा फोन — "का गा, बायकोले तारेले लावून राह्यला का?"

त्यांना सांगायला हवं होतं काहीतरी. मी फोन घेतला आणि रडले. उपयोग शून्य.

७ जानेवारी, बुधवार

परत रद्द. केळं.

पहाटे पाच मिनिटं तोंड धुवायला गेले होते. पाच मिनिटं!

८ जानेवारी, गुरुवार

संपादकांचा फोन. लेख कुठे आहे? म्हटलं, चहात बुडाला. हसले ते.

प्रणित म्हणतो, "ताई, देवाच्याच मनात नसन. घरी नेतो तिले. आलापल्लीकडं एक जडीबुटीवाला हाय म्हणते." मी त्याला नको ते बोलले. तो नुसता चपला बघत उभा राहिला. चिडावं तर त्याच्यावर चिडताही येत नाही — हेही एक!

संध्याकाळी थर्मास, बिस्किटं, केळी, संत्री, सगळं पिशवीत भरून वॉर्डाबाहेरच्या रखवालदाराकडे ठेवलं. आता बघू.

९ जानेवारी, शुक्रवार

पकडलं. डोळा उघडला तर गुणाबाई कमरेच्या चंचीतून गूळ काढून रीताच्या गालात सारत होत्या.

मी ओरडले. अख्खा वॉर्ड उठला. पलीकडच्या खाटेवरची आजी म्हणाली, "काऊन वो, सासू सुनेले खाऊ घालते तरी भांडण?" काय काय नाही बोलले मी. अडाणी म्हणाले. तुम्हाला ती मरायला हवी आहे का, म्हणाले.

त्या उठल्या, माझं मनगट धरून मला जिन्याकडे नेलं.

"मले मालूम हाय," म्हणाल्या, "पोटात काई असलं का नेत नाई."

मला कळेना.

"प्रणित झाला तवा माहं डोस्कं फिरलं होतं. मलेबी करंट द्याले नेलं होतं. भूल नाई, सुई नाई. चौघायनं हातपाय धरले, तोंडात रबर कोंबलं. जागीच होतो मी. रोज सकाळी नेत. बाजूच्या खाटेवरच्या बाईनं एक दिवस मले लुगड्यातून भाकर देली. खाल्ली. त्या दिवशी नाई नेलं."

मग — "प्रणितले नोको सांगू."

म्हणजे चहा, केळं, गूळ — सगळं जाणूनबुजून. आणि मी त्यांना उपास समजावत होते.

रीताचं आजचंही रद्दच.

१० जानेवारी, शनिवार

गुणाबाईंना विचारूनच निशा मॅडमना सांगितलं. मॅडम त्यांना घेऊन गेल्या आणि करंटची खोली दाखवली. पलंग, मास्क, सुई.

"झोपते ना पण? खरंच झोपते?"

"पूर्ण झोपते. भुलीशिवाय करंट द्यायला आता कायद्यानं बंदी आहे, आई."

"मी पाहीन."

मॅडम हो म्हणाल्या. झोप लागेपर्यंत उशाशी थांबा.

१२ जानेवारी, सोमवार

झालं! पहिलं झालं.

गुणाबाई बाहेर आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या. "हातपाय नाई धरले कोणी," एवढंच म्हणाल्या. मग बराच वेळ स्वतःचीच मनगटं चोळत होत्या.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. वॉर्डभर तिळगूळ! भेटायला येणारा जो तो रीताच्या तोंडाकडे हात नेतो. गुणाबाई खाटेपुढे उभ्या — "गोड बोलाचं तं दुरून बोला, हात खाली ठेवा!" मला हसू आलं. किती दिवसांनी.

दुसरं झालं.

१६ जानेवारी, शुक्रवार

तिसरं झालं. आणि काय? काही नाही! नाक खाजवलं, शाल ओढून घेतली. प्रणितला यातच आनंद. मला नाही. मला माझी बहीण हवी आहे, शाल ओढणारा हात नको. निशा मॅडम म्हणतात धीर धरा. संपला माझा धीर. सगळ्यांवर वैताग आलाय, सगळ्यात जास्त स्वतःवर.

१९ जानेवारी, सोमवार

स्ट्रेचर यायचं होतं. रीतानं मान वळवली, माझ्याकडे बघितलं — माझ्याकडे! — आणि म्हणाली, "ताई, चहा दे ना."

रखवालदाराकडची पिशवी परवाच परत आणली होती. मी थर्मास काढला. झाकणही उघडलं.

गुणाबाईंनी माझा हात धरला.

"आता नाई वो माय," रीताला म्हणाल्या. "झोपून ये. मंग मी देतो."