नियम बाहेरच्यांसाठी आहेत

३ फेब्रुवारी, सोमवार
टीव्हीवर सांगितलं, नागरिकत्वाचे नियम कडक झाले. बाहेरून आलेल्यांना इथल्या भाषेची परीक्षा, लेखी आणि तोंडी. वर दोन नागरिकांची शिफारस. बरं झालं. कोणीही उठावं आणि यावं, धर्मशाळा आहे का ही?
मुलगा म्हणाला, आई, आपणही बाहेरूनच आलो. म्हटलं, आपण रीतसर विमानातून आलो. तो म्हणाला, सगळेच विमानातून येतात. वाद घालायची खोड लहानपणापासूनची आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
दुकानात गर्दी. मी ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर असते. पँटी आखूड करणे, झिप बदलणे, कंबर सैल करणे. एकवीस वर्षं. अर्ध्या गावाच्या पोटाचा इतिहास मला पाठ आहे.
कुत्रेवाला आला होता. कोपऱ्यावर राहतो, कुत्र्यालाही कोट घालतो. नियम आणखी कडक करा म्हणून सह्या गोळा करत होता. मी सही केली. त्याच्याच भाषेत, सुटी सुटी अक्षरं काढून. शेजारी एक बाई मान वळवून बघत होती. बघू दे.

९ फेब्रुवारी, रविवार
सून कागद घेऊन बसली. म्हणे माझा राहण्याचा परवाना ३० जूनला संपतो. नव्या नियमात परीक्षा पास असल्याशिवाय वाढवून मिळत नाही. साठीच्या पुढच्यांना पूर्वी परीक्षा माफ होती, नुसता फॉर्म भरून नागरिक होता येत होतं. ती सवलत गेली.
म्हटलं, अगं, ते बाहेरच्यांसाठी.
ती म्हणाली, आई, तो फॉर्म मी तुम्हाला आठ वर्षांपूर्वी आणून दिला होता. कुठे आहे?
शोधते म्हटलं.

१० फेब्रुवारी
फॉर्म सापडला. दुकानात, साच्यांच्या डब्यात. कागद जाड आणि गुळगुळीत होता, त्याचा मी कॉलरचा साचा कापला होता. सोळा नंबर. पुष्कळांना बसतो. त्यावर आजवर चाळीसेक कॉलर झाल्या असतील.
सुनेला सांगितलं, पोस्टात गहाळ झाला असावा. ती म्हणाली, तो पोस्टात कधी पडलाच नव्हता. तिला सगळं लक्षात राहतं, हा तिचा दोषच आहे.
असो. परीक्षा देऊ. एकवीस वर्षं ही भाषा बोलते आहे. परीक्षा घेणाऱ्यालाच घाम फुटेल.

४ मार्च, मंगळवार
भाषेचा वर्ग सुरू. मला अगदी पहिल्या वर्गात बसवलं. बहुतेक वरच्या वर्गात जागा नसेल. शेजारी एक प्लंबर, येऊन तीन महिने झाले. तो धडाधड वाचतो. अशांसाठीच नियम हवेत.
बाईंनी मला बोलतं केलं. मग म्हणाल्या, तुम्हाला कंबर, झिप, आखूड, सैल, गुरुवारी या आणि पैसे आधी, एवढं उत्तम येतं. बाकीचं शिकू.
बाकीचं म्हणजे काय ते सांगितलं नाही. माणसाला आणखी काय बोलायचं असतं?

२१ मार्च
आजपासून रोज एक पान वाचायचं. पक्कं.

२२ मार्च
चष्मा दुकानात राहिला.

२ एप्रिल
चष्मा आहे. पुस्तक नातीने कुठे ठेवलंय कोण जाणे. नात म्हणते, आजी, तू त्यावर भांडं ठेवलंयस. चौदा वर्षांची आहे, तोंड चाळिशीचं.

८ एप्रिल, मंगळवार
शिफारशी. लोक रांग लावतील असा माझा अंदाज होता. बँकेच्या साहेबांना मी बत्तीस कंबरेपासून ओळखते, आता एकोणचाळीस आहे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, हो हो, आनंदाने, पण तुमचं नाव काय? मग म्हणाले, बँकेचे नियम असतात, सही करता येत नाही. एकोणचाळीस नव्हे, चाळीस आहे ती कंबर. मन राखायला मी कमी सांगत होते.
एक सही दुकानाच्या मालकाने दिली. दुसरी कोणी दिली? कुत्रेवाल्याने! आपण होऊन. म्हणाला, नियम तुमच्यासाठी थोडेच आहेत, त्या लोकांसाठी आहेत. म्हटलं, तेच तर मी घरी सांगते. समजूतदार माणूस.

१३ मे, मंगळवार
परीक्षा झाली. उत्तम.
लेखी पेपरात प्रत्येक प्रश्नाला तीन चौकटी. प्रश्न वाचत बसले नाही, उगाच डोळ्यांना त्रास. सगळीकडे मधल्या चौकटीत खूण केली. मध्यम माप बहुतेकांना बसतं.
तोंडीला एक तरुण साहेब. म्हणाला, तुमच्या शेजाऱ्यांविषयी सांगा. पण त्याच्या कोटाची उजवी बाही अर्धा इंच लांब होती, मला राहवेना. तीच सांगितली. कुठून उसवायची, कुठे टाके घालायचे, सगळं. शेवटी म्हटलं, गुरुवारी या. तो खूप हसला आणि कागदावर भराभर लिहीत सुटला. इतकं लिहिलं म्हणजे खूश झाला असणार.

२८ मे, बुधवार
पत्र आलं! वर सरकारी शिक्का, त्याखालीच माझं पूर्ण नाव, छापील. या देशात माझं अख्खं नाव पहिल्यांदाच कोणी लिहिलं. नापास माणसाला इतका भारी कागद कोण पाठवेल?
घरी सांगितलं नाही. रविवारी सगळे असतील तेव्हा दाखवू.
फ्रेम आणली. पत्र लांब, फ्रेम लहान. खालचा मजकूर दुमडून आत घातला. शिक्का आणि नाव दिसलं म्हणजे झालं.

३० मे, शुक्रवार
फ्रेम मशीनच्या वर लावली. गिऱ्हाइकं हात मिळवून गेली. कुत्रेवाला तर म्हणाला, आता तुम्ही आमच्यातल्या. प्लंबर पँट घेऊन आला होता, त्याला म्हटलं, अभ्यास कर रे, होईल तुझंही.

१ जून, रविवार
फ्रेम घरी आणली. सर्वांना बसवून समोर धरली. नातीने उलटी केली, खिळे वाकवून पत्र बाहेर काढलं, उलगडलं. मग माझ्याकडे बघेना.
लेखी नापास. तोंडी नापास. पुढची परीक्षा ऑक्टोबरात.
मुलाने बोटांवर महिने मोजले. दोनदा मोजले. परवाना जूनमध्येच संपत होता. त्याने एका ओळखीच्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, तोवर त्यांनी आपल्या देशात जाऊन थांबावं. तिकडचं घर विकून बारा वर्षं झाली. थांबू कुठे, विमानतळावर?
सुनेला म्हटलं, बोल की, तुझा हक्क आहे. ती उठून आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.
नातीने पत्र माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, आजी, आता तूच वाच. बोट ठेवून.
चष्मा लावला. बोट ठेवलं. पहिला शब्द माझं नाव. ते आलं.
दुसरा विचारावा लागला.