पेशंटच्या बाजूने

सोमवार, ६ ऑक्टोबर

आले बाई एकदाची! दापोलीत सगळे म्हणत होते, सुमैय्याच्या तोंडाला लगाम नाही, तिला दुबईत कोण ठेवून घेणार? घ्या, ठेवून घेतलं. तेही चक्क बोलायच्या कामासाठी.

लियाकत मामूंच्या घरी उतरलेय, अल मनखूलला. रशीदा मामींनी आल्याआल्या सांदणं केली. त्यांची एमान आठ वर्षांची, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते आणि वर मलाच हसते. मेट्रोने जुमेरा लेक टॉवर्सपर्यंत जायचं, तिथून हॉस्पिटलची बस. मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच आवारात आहेत. सगळं नवंकोरं, फरशीत तोंड दिसेल असं.

मी नर्सच, पण नेमणूक सिम्युलेशन लॅबमध्ये. तिथे पलंगावर रबराची एक बाई निजलेली असते. तिला नाडी आहे, श्वास आहे, घामसुद्धा येतो. मुलं तिला तपासतात आणि मी काचेआड माइक धरून तिच्या वतीने बोलते, "डॉक्टर, छातीत दुखतंय हो!" मी तिचं नाव बाय ठेवलंय. आज इतकी खरी कण्हले की एक पोरगी रडायला लागली. मजा आली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

माझ्याआधी बायचा आवाज कोण होतं ते राहिलभाईंनी सांगितलं. हे श्रीवर्धनचे, लॅबची मशिनं सांभाळतात. तर त्या होत्या प्रोफेसर मोरेनिके, नायजेरियाच्या. तिकडच्या एका विद्यापीठ रुग्णालयात उभी हयात गेलेली. गावोगावच्या दवाखान्यांनी हात टेकले की माणसं खाटेवर, रिक्षात, मिळेल तशी तिथे आणतात. त्यापुढे दुसरं दारच नाही. डॉक्टरही तिथेच घडतात, आणि घडले की लंडनला नाहीतर इकडे उडून जातात. श्रीमंत पेशंटही त्यांच्याच विमानाने. बाई मात्र हलल्या नव्हत्या. इथे फक्त वर्षभरासाठी आल्या होत्या. ही लॅब कशी चालते ते शिकून घरी तशीच उभारायची होती त्यांना, म्हणजे नवशिक्या पोरांचा हात गरिबाच्या अंगावर बसायला नको.

त्या ऑगस्टमध्ये वारल्या. इथेच, खालच्या वॉर्डात. कशाने, असं विचारलं तर राहिलभाई वायरी गुंडाळत बसले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज राहिलभाईंकडून वदवून घेतलंच. तळपायाची आग मस्तकात गेलीय, लिहिताना पेन कागद फाडून आरपार जातंय.

ऑगस्टमधल्या त्या दिवशी बाहेरचे पाहुणे आले होते. विभागप्रमुख डॉ. मुरलीधर त्यांना दाखवत होते की आम्ही खाटेपाशी कसं शिकवतो. मोरेनिके बाई छाती धरून आल्या. ईसीजी बरा निघाला. मुरलीधर म्हणाले, गॅस आहे. बाईंनी स्वतः सांगितलं की दुखणं पाठीत चिरत जातंय, हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटतेय, आत्ता सीटी स्कॅन करा. तर हा माणूस मुलांकडे वळून म्हणतो, बघा, डॉक्टरइतका वाईट पेशंट नसतो. सगळे हसले. पडदा ओढून फेरी पुढच्या खाटेवर गेली. पडद्याआड बाई गेल्या.

बाईंच्या तिकडच्या, नायजेरियातल्या वॉर्डात एक रीत होती. पेशंट कितीही फाटका असो, तो गेला की सभा भरायची. उपचार करणाऱ्याने सगळ्यांसमोर उभं राहायचं, आणि एकाने मेलेल्याच्या जागी बसून त्याच्या तोंडाने विचारायचं, "डॉक्टर, मग तुम्ही काय केलंत?" खरं उत्तर येईपर्यंत उठायचं नाही. ही सभा इथे सुरू करा म्हणून त्या मुरलीधरांच्या मागे लागल्या होत्या. आणि त्यांच्या स्वतःच्याच मरणाची सभा झाली नाही!

राहिलभाई गेल्यावर मी बायचा हात धरला आणि मोठ्याने म्हटलं, "मोरेनिके बाई, तुमच्या बाजूने मी बोलते. त्याला सोडायची नाही."

हाताची नाडी सुरू झाली. मशीन बंद होतं. वायरिंगचं काही असेल.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

मुरलीधरांचा तास होता. मी मुद्दाम बाईंचीच केस लावली. माइकवर म्हटलं, "डॉक्टर, पाठीत चिरल्यासारखं होतंय." ते जागच्या जागी पांढरेफटक. केस बदला म्हणाले. मी माइक बंद केला.

तरी बाय बोलली. जाड, संथ इंग्रजीत. डॉक्टर, मग तुम्ही काय केलंत?

मुलांना वाटलं, मीच. मुरलीधरांनी काचेकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते, ते त्यांना दिसले. त्यांच्या हातातला स्टेथोस्कोप खाली पडला.

घाबरायला हवं होतं. खोटं कशाला लिहू, गार गार वाटलं जिवाला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

राहिलभाईंनी बायचा प्लग उपटला. अंग तरी गरमच. ते आता लॅबमध्ये एकटे शिरत नाहीत.

जेवताना मामींनी कालवण वाढलं, मी पुरे म्हणायला तोंड उघडलं. एमानने चमचा टाकला. "Aapa, that's not your voice," म्हणाली आणि मामूंच्या मागे लपली. मामींनी दुआ पढून पाण्यावर फुंकर घातली आणि ते मला पाजलं. रोजनिशी आता पर्समध्येच ठेवते.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

मुरलीधरांनी केबिनमध्ये बोलावलं. व्हिसा रद्द करतो, खलास, म्हणाले. मला सांगायचं होतं, करा काय करायचं ते. तोंडातून निघालं तेच, मग तुम्ही काय केलंत? परत. परत. जीभ माझी, पण आवरेना. ते खुर्चीत बसले. हात छातीवर.

म्हणाले, परवा सभा घेतो. सगळं सांगतो. तिला थांबव.

मला तरी एवढंच हवं होतं ना? त्यांनी चारचौघांत खरं बोलावं. मग मी माझी मोकळी. इन्शाल्ला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

झाली सभा. मृताच्या जागी मी बसले. ते उभे राहिले. बाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, पाहुण्यांपुढे मला माझी हुशारी मिरवायची होती — असं म्हणाले. रडले. मुलंही रडली.

माझा आवाज परत आला. मामींना फोन करून उगाच बडबडले.

पण त्या माणसाभोवती सगळे गोळा झाले. पाणी दिलं, पाठ थोपटली. केवढं धाडस सर, म्हणाले. बाईंचं नाव कुणी घेतलं नाही.

एवढंच? एवढ्यावर सुटला?

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

जुम्मा. राहिलभाई नमाजला गेलेत. मजला रिकामा.

मुरलीधर आत्ता आले. ती गेली का, विचारायला. बोलता बोलता वाकले — छाती — म्हणाले, पाठीत चिरतंय. बायच्या पलंगाला धरून खाली बसले. मग आडवे.

मी काचेआड आहे. समोर लाल बटण. दाबलं की इमर्जन्सीची माणसं धावत वर येतात.

ते माझ्याकडे बघतायत. सुमैय्या, सीटी सांग, म्हणतायत. प्लीज म्हणतायत. हात बटणावर ठेवलाय, पण दाबला जात नाही.

बाई, सोडा ना मला. सभा झाली, आता सोडा —

त्या नाहीत. बायला जाऊन हात लावून आले. गार. नाडी नाही. जीभ माझी आहे, मी आत्ताच माझं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं, माझाच आवाज.

मग मला धरलंय कुणी?

कुणीच नाही. या अल्लाह, कुणीच नाही.

ते आता बोलत नाहीत. ओठ हलतायत. डावा हात माझा बटणावरच आहे, दाबतेय, दाबणारच आहे, मी नर्स आहे, फक्त हे वाक्य लिहून झालं की दाबते आणि हे वाक्य अजून झालेलं नाही, कारण अजून एक लिहायचं राहिलंय, आणि ते म्हणजे